वारुळाचा फ्लॅट नंबर

सुनंदाबाई पाटावर गंधाचा नाग काढत होत्या, तेवढ्यात गेटवरून फोन आला. एक म्हातारी आलीय, फ्लॅट नंबर विचारला तर वारूळ म्हणते, आत सोडू का?

सुनंदाबाईंनी लगेच ओळखलं. गंगव्वाच असणार. सर्जापूर रोडवरच्या या सोसायटीच्या जागी तिचं नाचणीचं शेत होतं. शेत गेलं, तरी कोपऱ्यातल्या वारुळाला दूध घालायला ती दर नागपंचमीला यायची. तीन आठवड्यांपूर्वी कुणाच्या तरी पोराला तिथं साप दिसला आणि सोसायटीने वारुळावर जेसीबी फिरवून पार्किंग केलं. कागदावर सही सेक्रेटरीची होती. सेक्रेटरी सुनंदाबाई.

खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून त्या खाली आल्या. पण गंगव्वाने हसून हात धरला आणि त्या भलतंच बोलून बसल्या. वारूळ स्वल्प, थोडंसंच, पलीकडे सरकवलंय अज्जी, असं कानडी मिसळून म्हणाल्या. वारूळ म्हणजे जसा काही सोफाच. मग बागेमागच्या खतमातीच्या ढिगाशी तिला घेऊन गेल्या.

गंगव्वा वाकली. हळदीच्या बोटांनी ढीग चाचपून नागोबाचं बीळ शोधू लागली. ते कुठलं सापडायला? उठून तिने वळून पार्किंगच्या नव्याकोऱ्या डांबराकडे पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं होतं. आता ही शिव्या घालणार, असं सुनंदाबाईंना वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गंगव्वा दुधाचा लोटा उचलून पार्किंगकडे चालू लागली. दोन गाड्यांच्या मधे, नेमक्या वारुळाच्या जागेवर जाऊन बसली. हळदकुंकू वाहिलं, लोटा कलता केला. दूध जिरेना. डांबरावरून ओघळत ते सुनंदाबाईंच्या पायाशी आलं, तशा त्या चपला काढून बाजूला झाल्या. लाजेनं त्यांची मान वर होईना.

गुडघ्यावर हात टेकत गंगव्वा उठली. रिकामा लोटा पदराने पुसत तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "अक्का, तुमच्या मराठी लोकांत पण आज काही खणत नाहीत, चिरत नाहीत ना?"

"नाही," सुनंदाबाई कशाबशा म्हणाल्या. "भाजीसुद्धा चिरत नाही."