चुकलेला ठोका

रविवारी दुपारी वरच्या फ्लॅटमधला ड्रम पुन्हा धडाडला आणि काकूंच्या हातातला सूपचा चमचा मास्तरांच्या ओठांऐवजी हनुवटीला लागला.

"मेल्यांनी कहर केलाय नुसता!" काकू कडाडल्या. "अहो, ऐकताय ना?"

अर्धांगाचा झटका आल्यापासून मास्तर एक अक्षर बोलले नव्हते. हात थोडाफार वळू लागला होता, पण जीभ रुसून बसली ती बसलीच. बोलायला शिकवणारी एक बाई दर आठवड्याला यायची आणि चित्रं दाखवायची. मासा, छत्री, घड्याळ. जन्मभर बँडमध्ये पोरांना ड्रम शिकवलेला माणूस त्या छत्रीकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. घरात दोघांच्या वाटचं काकूच बोलायच्या. भांडायच्यासुद्धा एकट्याच, आणि त्यात काही म्हणता काही मजा नव्हती.

वरचा फ्लॅट म्हणजे अख्ख्या इमारतीच्या डोक्याला ताप. मालक परगावी, आणि फ्लॅट पार्ट्यांसाठी भाड्याने. दर रविवारी नवे पाहुणे, नवा धुडगूस. आज तर कुणीतरी अख्खा ड्रमसेटच वर चढवला होता. एकच गाणं पुन्हापुन्हा वाजत होतं आणि दर खेपेला एकाच जागी येऊन अडखळत होतं.

दारावर थाप पडली. इमारतीचे सेक्रेटरी बाह्या सरसावून उभे होते आणि त्यांच्यामागे जिन्यात झाडून सगळे शेजारी.

"काकू, चला. आज सोक्षमोक्ष लावायचाच. घरात आजारी माणूस आहे म्हणून तुम्ही पुढे. आम्ही आहोत मागे."

"मी कधीची तयार आहे," म्हणत काकूंनी वाटी टेबलावर आपटली. तेवढ्यात वर गाणं पहिल्यापासून सुरू झालं, रंगात आलं आणि नेहमीच्या जागी येऊन धडपडलं.

"चुकलं!"

काकूंना वाटलं, सेक्रेटरी बोलले. सेक्रेटरींना वाटलं, मागचं कुणीतरी. मग सगळ्यांनी एकदमच पलंगाकडे पाहिलं. मास्तरांनी मान उचलली होती. डोळे छताला लागलेले, चेहरा लालबुंद, आणि डावा हात पांघरुणावर ताल धरत होता.

"चु... चुकलं," ते पुन्हा म्हणाले.

काकू पलंगाकडे धावल्या. "काय म्हणालात? अहो, काय म्हणालात? परत म्हणा ना!"

मास्तरांनी चिडून छताकडे बोट केलं. पण वरचा ड्रम थांबला होता. त्यांचे ओठ हलले, कपाळावर शिरा तटतटल्या, पण आवाज काही फुटेना. आत्ता जे दार किलकिलं झालं होतं ते डोळ्यांदेखत बंद होत होतं.

काकू वळल्या आणि धावत सुटल्या. एरवी गुडघ्यांच्या नावाने रडणाऱ्या काकू दोन-दोन पायऱ्या चढताना बघून सेक्रेटरींना चेव आला. "बघा, आता कशी जिरवतात!" म्हणत सगळी पलटण मागोमाग निघाली.

दार उघडलं ते एका गोलमटोल गृहस्थाने. डोक्यावर कागदी मुकुट, हातात ड्रमच्या काठ्या. एवढी गर्दी बघून त्याने आधी मुकुट काढला.

"माफ करा. बंदच करतोय, खरंच. आज पन्नास पूर्ण झाली, म्हणून जरा... मी दातांचा डॉक्टर आहे हो. ड्रम आत्ताच शिकायला लागलोय."

"बंद?" काकू ओरडल्या. "बंद कराल तर याद राखा!"

"काकू," सेक्रेटरी हळूच म्हणाले, "आपण बंद करायलाच आलोय."

"तुम्ही जरा गप्प बसा हो!" त्यांनी डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत ड्रमपाशी नेऊन बसवलं. "खिडक्या उघडा सगळ्या. आणि मघाशी वाजवत होतात तेच वाजवा."

दारात ही फौज उभी. डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. जीव मुठीत धरून त्यांनी सुरुवात केली, आणि काय आश्चर्य, ती अवघड जागा त्यांनी भीतीच्या भरात सफाईदार पार केली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरांनी हरखून काकूंकडे पाहिलं.

खालून काहीच आवाज आला नाही.

"अहो, असं काय करता!" काकू रडकुंडीला आल्या. "चुका ना! मघाशी चुकत होतात तिथंच चुका! माझे यजमान बोलले हो त्याने, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले. हात जोडते, चुका!"

डॉक्टरांनी आ वासला. सेक्रेटरी मात्र कानोसा घ्यायला अर्धा जिना उतरलेसुद्धा आणि तिथून त्यांनी आरोळी ठोकली, "डॉक्टर, चुका!" मग शेजारीही ओरडायला लागले, केक खाता खाता पाहुणेही. "चुका! चुका!" या इमारतीत एवढा गोंगाट आजवर कुठल्याही पार्टीने केला नव्हता.

गाणं पुन्हा सुरू झालं. ती जागा जवळ आली तसे सगळे एकदम चिडीचूप झाले. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि असे काही चुकले की एक काठी हातातून निसटून खुर्चीखाली गेली.

खालच्या खिडकीतून एक घोगरा, फाटका आवाज वर आला.

"गाढवा! डावा... डावा हात, बैला!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. जिन्यात कुणीतरी शिट्टी मारली. नवऱ्याच्या तोंडाळपणापायी चारचौघांत जन्मभर मान खाली घातलेल्या काकूंनी वाकून खुर्चीखालची काठी काढली, डोळे पुसत ती डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या,

"थांबू नका, डॉक्टर. त्यांना अजून पुष्कळ शिव्या येतात."