आठ तुकडे

सकाळी सहाला तिने कोंबडीचे आठ तुकडे धुतले, त्यांना दही, मीठ आणि मिरपूड चोळली, बटाटे-गाजरे चिरली आणि सारे झाकून फ्रिजमध्ये ठेवले. संध्याकाळी कामावरून आल्यावर ते एकाच पसरट तव्यात घातले, की अर्ध्या तासात जेवण होत असे. दोन तुकडे तिला, दोन नवऱ्याला, उरलेले चार दोघांच्या उद्याच्या डब्यांत. सासऱ्यांची कवळी दुरुस्तीला गेल्यापासून त्यांच्या वाट्याला त्याच तव्यातल्या मऊ भाज्या येत.

"सूनबाई, वास तर झकास सुटलाय," सासरे टेबलाशी बसत म्हणाले. "माझे दात आले का गं? की आता तान्ह्या बाळासारखे नव्यानं फुटायची वाट बघू?"

ती हसली. "उद्या मीच जाऊन बसते, बाबा, त्या डॉक्टरांच्या दारात."

तवा मंद आचेवर ठेवून तिने घासण्यासाठी नवऱ्याच्या बॅगेतून डबा काढला. त्याखाली कवळीची डबी होती. तिच्यावर चिकटवलेल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'दुरुस्त करून दिली' असे लिहिले होते आणि खाली मागच्या महिन्याची तारीख होती. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"आठाचे तीन वाटे करून दाखव बघू," तो हळूच म्हणाला.

तिने तव्याकडे पाहिले. मग डबी पुन्हा बॅगेच्या तळाशी ठेवून चेन लावली.

"बाबा, यांना आज डॉक्टर भेटले होते. अजून महिना तरी लागेल म्हणाले," असे सांगत तिने त्यांच्या ताटातले गाजर चमच्याने रोजच्यापेक्षा जास्त मऊ कुस्करून दिले.