नऊ दारं

"कॅमेरा खाली घ्या," जालिंदर म्हणाला.

नीलिमानं घेतला नाही. आणखी एक फोटो काढून मगच ती वळली. "रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागत नाही, साहेब."

"फोटोला न्हाई. दारं उभी करायला लागती."

साताऱ्यातल्या त्या आळीत सकाळी सातपासून नऊ दारं उभी होती. नुसती दारं. मागं भिंत नाही, वर छप्पर नाही. मे महिन्यात रस्ता रुंद करताना इथली नऊ घरं पाडली होती. कलाकार असलेली नीलिमा सांगलीहून येऊन भंगारवाल्याकडून त्यांची दारं घेऊन आली होती. कुठलं दार कुठं होतं, ते कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या रंगुबाईनं दाखवलं. कुणाचं कुठलं, हे मात्र कुणी सांगेना. नव्या डांबराच्या कडेला, लोखंडी टेकू लावून तिनं ती उभी केली. संध्याकाळी ती स्वतःच उचलणार होती. राहणार होते फक्त फोटो.

सकाळी कामाला निघालेला एक माणूस दारापुढं थबकला, चपला काढून क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा चपला घालून गेला. तोही फोटो तिच्याकडं होता.

नऊ वाजता जालिंदर अतिक्रमण पथकाचा ट्रक घेऊन आला.

"मेमध्ये घरं पाडताना तुम्हीच उभे होतात ना इथं?" नीलिमानं विचारलं.

"व्हय."

"आणि आता नुसती दारंसुद्धा बघवत नाहीत?"

जालिंदर दारांकडं वळला. एकेका दाराला हात लावत तो शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

"कुणाची हायत ही?"

"माझी. भंगारातून घेतलीत."

"पावती?"

पावती नव्हती.

"मग बेवारस. उचला रं."

नीलिमा पहिल्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला उचला."

ट्रकवरची माणसं थांबली. दुकानांतून, बोळांतून लोक बाहेर आले. त्यांच्याकडं बघत जालिंदर मोठ्यानं म्हणाला, "नीट ऐका. बेवारस असलं तर आत्ता ट्रकमधी जाईल. ह्यातल्या एका जरी दाराचा मालक पुढं आला, तर नोटीस द्यावी लागंल. सात दिवस दारांना कुणाला हात लावता येणार न्हाई. पर त्या मालकावर रस्ता अडवल्याचा गुन्हा पडंल. हाय का कुणी?"

कुणी हललं नाही. मग रंगुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली.

"जालिंदरा, ह्यातलं एक..."

"मावशी, तुमी गप बसा!"

रंगुबाई खाली बसली. नीलिमाचा संताप उसळला. "हाच तुमचा कायदा? कुणी बोलायला लागलं की गप बसवायचं?" तिनं कॅमेरा थेट त्याच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं. "हा फोटो सगळ्यांना दाखवणार मी."

"दाखवा." त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. आठच दिवसांपूर्वी बदली होऊन आलेल्या कारकुनाला त्यानं हाक मारली. "अमृत, पंचनामा लिव."

अमृतनं ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला. लिहिता लिहिता तो वाचू लागला. "रस्त्यालगत बेवारस स्थितीत लाकडी दारं नऊ..."

"बेवारस खोड. मालक हजर हाय."

अमृतनं गर्दीकडं पाहिलं. पुढं कुणीच आलेलं नव्हतं. तरी त्यानं शब्द खोडला. "नाव?"

"जालिंदर तात्याबा शेवाळे."

अमृतचं पेन थांबलं. ट्रकवरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. अमृतनं हलक्या आवाजात विचारलं, "साहेब... राहणार?"

"हितंच."