डोईमागे पाणी

“नामाशेठ, पाण्याचे पैसे डोईमागे का घेता? ज्यानं जास्त वापरलं त्यानं जास्त भरावं की नाही?”

चाळीतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती आणि दहावीतल्या अमिषानं उरणच्या भर बाजारात घरमालकाला गाठून विचारलंच! शेठ आधी हसला. “माणसं मोजनं सोप्पं हाय पोरी, पानी कोन मोजत बसंल?” पण ही पोर काही हटेना, तेव्हा वैतागून त्यानं प्रत्येक खोलीला वेगळं मीटर बसवलं. चाळीनं अमिषाला अगदी डोक्यावर घेतलं.

महिन्यानं बिलं आली. सगळ्यांची कमी झाली होती, एकट्या अमिषाच्या घरचं दुपटीवर गेलं होतं.

“दादांच्या चादरी दिवसातून तीनदा धुते मी, येणारच की बिल,” आई बोलून गेली.

“अगं, हळू बोल!” बाबांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड खाटेवर दादा, म्हणजे अमिषाचे आजोबा होते. लकवा मारल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या अमिषा पाण्याचा पेला घेऊन पडद्याआड गेली आणि भरलेलाच पेला घेऊन बाहेर आली.



“आई, बाबा, चाळीनं शिव्या घातल्या तरी चालेल, पण मी आत्ताच्या आत्ता नामाशेठला मीटर काढायला सांगणार आहे. चादर भिजू नये म्हणून आजोबांनी कालपासून पाणी प्यायचंच बंद केलंय.”