तारण घालवण्याचा खटाटोप

"नेमकं कोणतं पाप केलं म्हणजे तारण जातं, तेवढं सांगा," लाँड्रीवालीने विचारलं आणि पाळकांच्या पांढऱ्या झग्यावर गरम इस्त्री दाबली.

चर्चचे पाळक झगा न्यायला आले होते. वयाने तरुण, अंगाने काटकुळे. मंडळीतल्या बायका त्यांच्याकडे आशीर्वाद मागायच्या आणि वर नीट जेवत जा म्हणून दमही द्यायच्या. पण असलं काही त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोक तारण कसं मिळेल, स्वर्गात जागा कशी मिळेल, ते विचारायचे.

"घालवायचंय कशाला?"

"तुम्ही रोज माझ्या लेकीकडे जाता. त्या माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करता. म्हणजे तो स्वर्गात जाणार. जाईना का! पण मग मला तिथे पाऊल टाकायचं नाही."

'तो माणूस' म्हणजे लाँड्रीवालीचाच नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा. लेक रांगत होती तेव्हा एका खानावळवालीबरोबर पळून गेला, तो थेट आता, लेकीला पोरंबाळं झाल्यावर, मरायला परत आला. खानावळवालीने त्याला केव्हाच हाकललं होतं. लेकीने त्याला मागची खोली दिली. त्या दिवसापासून आईने लेकीच्या घराची पायरी चढणं सोडलं.

"क्षमा मागणाऱ्याला मिळते," पाळक म्हणाले. आणखी काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आजाऱ्याच्या उशाशी झालेलं बोलणं बाहेर फोडायचं नसतं.

"तेच म्हणते मी. त्याने जन्मभर मजा मारायची आणि शेवटच्या घटकेला सॉरी म्हणायचं. मी इथे लोकांचे शर्ट भाजत सरळमार्गी राहिले, त्याचं बक्षीस काय? तर युगानुयुगं त्याचंच तोंड बघा! त्यापेक्षा ते दुसरं ठिकाण बरं. उष्णतेची मला सवय आहे."

पाळकांनी हसू खोकल्यात दडवलं. मग ते गंभीर झाले. "हातून घडलेल्या चुकीने कोणी देवाच्या हातातून निसटत नाही. पण सत्य कळूनसुद्धा मुद्दाम पाप करत राहिलं, क्षमेलाच लाथाडलं, तर शास्त्र फार कडक बोलतं."

"मुद्दाम," लाँड्रीवाली म्हणाली. "जमेल."

आणि ती कामाला लागली. रविवारी उपासना सुटल्यावर तिने गाणाऱ्यांच्या म्होरक्याची छत्री त्याच्या डोळ्यांदेखत पळवली. मंडळीच्या सेक्रेटरीणबाईंना, तुमचं गाणं म्हणजे खरकटी कढई घासल्यासारखं वाटतं, असं तोंडावर सांगितलं. पण ते खरंच असल्यामुळे पापात धरावं की नाही याची तिला शंका राहिली. पाळकांच्या कॉलरला तर तिने अशी खळ घातली, की पुढच्या रविवारी बिचाऱ्यांना मान वळवता येईना. सगळा उपदेश त्यांनी डावीकडच्या बाकांनाच केला.

"मुद्दाम केलं," तिने नंतर त्यांना गाठून सांगितलं. "पश्चात्ताप शून्य."

"क्षमा केली," लालबुंद मान चोळत पाळक म्हणाले.

"अहो, करू नका ना!"

"छत्रीबित्रीने काही होत नाही, बाई. जाणूनबुजून, रोज नव्याने केलेलं एक पाप तुमच्याकडे जुनं आहे. यजमानांना तुम्ही क्षमा केलेली नाही."

"ते पाप नाही," ती फणकारली. "ती माझी कमाई आहे."

पण दिवसभर ते वाक्य तिला खुपत राहिलं. संध्याकाळी एका कोऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच राहिली आणि करपट वास सुटेपर्यंत तिला पत्ता नव्हता.

मग एका दुपारी लेक दुकानात आली. "आई, बाबांचं आता काही खरं नाही. यायचं तर ये. नाही आलीस तर नंतर माझ्यापाशी रडू नकोस."

ती गेली. रस्ताभर बोलणं घोकत गेली.

पलंगावर तो एवढासा झाला होता. कान तेवढे पहिल्यासारखे मोठे होते. "अहो," तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. मग घोकलेलं म्हणून टाकलं.

"ऐका. तुम्ही खुशाल वर जा. मी येणार नाही. माझी मी दुसरीकडे सोय करतेय."

त्याने मान तिच्याकडे वळवली. "मी कुठे चाललोय वर?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "पाळक रोज येतात. क्षमा मागा म्हणतात. मी नाही मागितली."

"का? जीभ झिजते?"

"मागितली तर मिळेल ना. मग वर जावं लागेल. तिथे तू असशील. कोणत्या तोंडाने तुझ्यासमोर उभा राहू?"

इतकी वर्षं तिने त्याच्यासाठी जी जागा मागितली होती, तिथेच तो आपल्या पायांनी निघाला होता. तिला गार वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. गार काही वाटेना. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. तो पळाल्याचं कळलं त्या सकाळी गेली होती, अगदी तश्शी.

"म्हणजे परत पळणार?" तिचा आवाज इतका चढला की लेक दारात धावत आली. "तेव्हा गेलात ते गेलात. आता कायमचेच?"

त्याने डोळे मिटले. पाणी ओघळून कानाशी आलं. तिने ते बाहीने खसाखसा पुसलं, डाग पुसावा तसं. मग त्याचं मनगट घट्ट धरलं.

"पाळकांना बोलाव," तिने लेकीला फर्मावलं आणि त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही मुकाट्याने क्षमा मागा. आधी माझी, मग देवाची. या वेळी मला सोडून कुठे जाता, तेच बघते."