मागचं चाक

खाजाभाईंनी रिमवरून सोडवलेला टायर उलटा धरला आणि आतून बोट फिरवता फिरवता ते थांबले. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला.

"इसमें लिक्विड कब डलवाये थे बेटा?"

"चार साल हो गए," निशिगंधा म्हणाली. तिला घाई होती. गौलीगुड्यातल्या भाड्याच्या घराची किल्ली आज संध्याकाळी घरमालकाला द्यायची होती. आईची ही स्कूटर मामेभाऊ केदार नेणार होता, आणि इतक्या गुळगुळीत टायरची गाडी त्याच्या हाती देणं बरं दिसलं नसतं. आईला जाऊन पाच महिने झाले होते. सामान आवरायला लेकीला आत्ता कुठे सवड मिळाली होती.

सवड ही सांगायची गोष्ट. खरं म्हणजे ती आईवर रुसून बसली होती, चार वर्षं. पुण्याच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूचं पत्र आलं तेव्हापासून. हिमायतनगरच्या एका हॉटेलात सकाळी दहाला बोलावलं होतं. उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही, असं खाली लिहिलं होतं. निशिगंधाने ते पत्र स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, उशिराच्या ओळीसकट. वडील नव्हते, घरात दोघीच. आई एकदा तरी म्हणेल, जाऊ नको, मला करमणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण आई, सत्यवतीबाई, दोडके चिरत राहिल्या.

"जा की. तुझं तू बघ," एवढंच म्हणाल्या.

मायलेकी एकीपेक्षा एक हट्टी. आईने थांब म्हटलं नाही आणि लेकीने थांबू का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं, आईने हो म्हटलं असतं, तर निशिगंधा थांबली असती. पुण्यात काय, इथे काय, नोकऱ्या सगळीकडे होत्या. पण आपण नको असलेल्या घरात कोण राहणार?

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी तिने इथेच, खाजाभाईंकडे, दोन्ही चाकांत ते हिरवं लिक्विड भरून घेतलं होतं. वॉल्व्हमधून बाटली पिळायची, चार-पाच किलोमीटर गाडी फिरवायची, की ते टायरला आतून सगळीकडे लागतं. मग खिळा घुसला तरी भोक तिथल्या तिथे बुजतं आणि हवा जात नाही. घरी तिने हे सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. त्या आठवड्यात दोघींचं बोलणं मिठाचा डबा दे याच्यापुढे जातच नव्हतं.

सकाळी निघताना आई कधी नव्हे ती फाटकापर्यंत आली. निशिगंधाने उगाच ओढणी दोनदा नीट केली, आरसा पुसला, हेल्मेटचा पट्टा लावून परत काढला. आईने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळा वेळ नजर खाली, मागच्या चाकाकडे. गाडी गल्लीच्या वळणावर गेली तरी आई तशीच, मान खाली घालून. निरोप द्यायचा तर माणसाने निदान वर बघावं! नोकरी मिळाली, तो राग तिच्याबरोबर पुण्याला गेला, तिथेच राहिला. दिवाळीला ती दोन वर्षं आली, नंतर तिकीट मिळत नाही म्हणू लागली. शेवटच्या आजारपणाचा फोन मामांनी केला. ती पोचली तेव्हा आई बोलत नव्हती.

"ये देखो बेटा," खाजाभाई म्हणाले. त्यांनी टायर तिच्यासमोर धरला. आतल्या वाळलेल्या हिरव्या थरावर लहान लहान गाठी होत्या. "रोड का खिल्ला लगा तो एक इधर, एक उधर. ये सातों एकच जगह पे हैं, लाइन से. कोई बैठ के मारा ये. किसी से दुश्मनी थी क्या?"

"नहीं तो."

सातव्या गाठीत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी पकडीने ते ओढून काढलं आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसून तिच्या तळहातावर ठेवलं. पोलादाचं टोक. नखाएवढं, चपटं, किंचित वाकलेलं.

निशिगंधाला ते ओळखायला वेळ लागला नाही. त्याचा उरलेला भाग कालच तिच्या हातात आला होता. गावाहून ज्वारी यायची, त्या पोत्यांची तोंडं आई ज्याने शिवायची तो दाभण. आईच्या पेटीत, पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. टोक मोडलेलं. मोडकी वस्तू आई कधी घरात ठेवत नसे, मग हीच का ठेवली, असं तिला वाटलं होतं. वाटलं आणि तिने तो भंगाराच्या पिशवीत टाकला होता.

"अच्छा करे, लिक्विड डलवा लिये," खाजाभाई नवा टायर काढत म्हणाले. "नै तो गाडी घर के सामनेच बैठ जाती थी."

ती लाकडी बाकावर बसली. आई फाटकाशी उभी राहून हवा जाऊन चाक बसायची वाट बघत होती. चाक बसलं नाही. लेक गेली.

तिने मूठ मिटली. आईने थांब म्हटलं नव्हतं, पण सात वेळा थांबवून पाहिलं होतं. शेवटच्या वेळी तर दाभण मोडेपर्यंत. आदल्या दिवशी घरात शिरता शिरता निशिगंधा एवढंच बोलली असती, आई, आता या चाकातली हवा जात नाही बरं का, तर आईला दाभण उचलून उपयोग नव्हता. तिला तोंडानेच सांगावं लागलं असतं.