दिलेलं प्यादं

"सर, तुमच्या ह्या ओपनिंगने जगात कुणी जिंकलंय तरी का?"

पूर्वीने विचारून टाकलं. तिच्याच क्लासमधले समीक्षा आणि प्रणित खांबाआड तोंड दाबून हसत होते. पैज त्यांचीच. म्हणे, तुझी हिंमत नाही. हिंमत होती. हल्लीच आली होती, पण होती.

सुभाष सर बुद्धिबळाचे पट गुंडाळत होते. खांदा कॉलनीतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये ते सकाळी आठपासून उभे होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"तुझ्या चाली लिहिलेल्या स्कोअरशीट आण," एवढंच म्हणाले.

आजच्या स्पर्धेत पूर्वी पाच डाव खेळली होती आणि पाचही हरली होती. शेवटचा तर चौथीतल्या मुलीशी. जिंकल्यावर ती म्हणाली, "ताई, रडू नको हां." हरण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

दाराशी पप्पा जांभया देत होते. आईने तर पायरीवरच बसकण मारली होती. सुकापूरहून निघतानाच पप्पांनी सांगून टाकलं होतं, "सुभाष सरांकडं हा शेवटचा दिवस. सोमवारपासून स्टेशनजवळच्या क्लासला जायचं. तिकडची पोरं कप आणतात. तू नुसती दमून येतेस. कप नाय, काय नाय."

सरांनी एक पट पुन्हा उलगडला. वजिरासमोरचं पांढरं प्यादं दोन घरं पुढे. मग त्याच्या शेजारचं. हे शेजारचं काळ्याला खाऊ द्यायचं आणि तेवढ्यात पटाचा मध्य आपल्या प्याद्यांनी धरायचा. पूर्वीला सगळं पाठ होतं.

काळ्याकडून खेळत त्यांनी ते प्यादं खाल्लं. सरांनी विचारलं, "इथे पहिल्या डावात काय खेळलीस?"

"वजीर काढला. प्यादं परत घेतलं."

"तिसऱ्यात?"

"वजीर."

"शेवटच्यात?"

पूर्वीने स्कोअरशीट पुढे सरकवली. तिच्यावर पूर्वीच्याच अक्षरात तीच चाल लिहिलेली होती. प्रत्येक वेळी काळ्याचे घोडे आणि उंट वजिराच्या मागे लागले होते आणि ती नुसती पळत सुटली होती. मध्य ओसाड.

"आता वजिराला हात लावू नकोस. खेळ."

तिने राजासमोरचं प्यादं पुढे सारलं. मध्यावर दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. सर खाल्लेलं प्यादं राखायला लागले. त्यासाठी त्यांना एक प्यादं हलवावं लागलं, मग आणखी एक. ती फळी पूर्वीने कडेकडून पोखरली. सातव्या चालीला तिच्या उंटाने शह दिला, आणि त्याच चालीत तिचं प्यादं वसूल झालं. वजीर जागचा हललाही नव्हता.

"अय्या! सर, हे आधी का नाही सांगितलंत?"

"वर्षभर तेच सांगतोय. पण तू दिल्या दिल्या परत मागत होतीस." सर खुर्चीत टेकले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता डोक्यात आलं. हातात यायला माझं अख्खं वर्ष गेलं होतं. प्रत्येक स्पर्धेत शेवटून पहिला यायचो."

"पूर्वे, झाला का नाय तुमचा?" पप्पांनी दारातून हाक मारली. "चल गं, पाय दुखायला लागले."

पूर्वी दोन-दोन बाकं ओलांडत दाराशी पोचली.

"पप्पा, आई, क्लास बदलायचा नाही," ती म्हणाली. "मी अजून एक वर्ष सरांकडेच हरणार आहे."